पिस्तुलाचा सायलेन्सर : निवड करण्याआधी कायदा वाचा

नागपूर - 'सायलेन्सर' म्हटले, की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे आधी उभी राहते ती रात्रीच्या वेळी वर्धा मार्गावरून धडधडत जाणारी दुचाकी. दुसरे चित्र चित्रपटातले. खलनायक खिशातून एक लांबट नळकांडे काढतो, पिस्तुलाच्या तोंडावर फिरवून बसवतो आणि 'फुस्स' असा हलकासा आवाज होऊन समोरचा कोसळतो. शेजारच्या खोलीतील माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. या दुसऱ्या चित्रामुळे परवानाधारक शस्त्र बाळगणाऱ्या अनेकांच्या मनात एक प्रश्न डोकावतो : आपल्या पिस्तुलासाठी चांगला सायलेन्सर कोणता? इंटरनेटवर शोध घेतला, तर अमेरिकेतील कंपन्यांची नावे, किमती आणि तुलनात्मक तक्ते यांचा ढीग समोर येतो. त्यातील जवळपास काहीही भारतीय वाचकाच्या उपयोगाचे नाही. याचे कारण दर्जाशी संबंधित नसून कायद्याशी संबंधित आहे.

शस्त्र अधिनियम 1959 च्या दुसऱ्या कलमात 'अग्निशस्त्र' या शब्दाची व्याख्या दिली आहे. बंदूक, पिस्तूल, तोफ या गोष्टी तीत आहेतच. त्याचबरोबर अग्निशस्त्र झाडल्यामुळे होणारा आवाज किंवा दिसणारा लोळ कमी करण्यासाठी तयार केलेली उपसाधनेही त्याच व्याख्येत घेतली आहेत. याचा अर्थ सरळ आहे. भारतात सायलेन्सर ही पिस्तुलाच्या म्यानासारखी किंवा साफसफाईच्या ब्रशासारखी जोडवस्तू नाही. कायद्याच्या दृष्टीने ते नळकांडे स्वतःच एक अग्निशस्त्र आहे. ते पिस्तुलावर बसवलेले असो वा कपाटात गुंडाळून ठेवलेले असो, त्यामुळे फरक पडत नाही. त्यात गोळी भरता येत नाही, हा बचावही चालत नाही.

शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. 1962 च्या जुन्या नियमांपासून सायलेन्सरची गणना पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वांत कडक निर्बंध असलेल्या शस्त्रांबरोबर होत आली आहे. या वर्गाचा परवाना देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे असतो. नागपूर शहरात पोलिस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी जे परवाने देतात, ते सामान्यतः .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, बारा बोअरची बंदूक अशा खालच्या वर्गातील शस्त्रांचे असतात. अशा परवान्यावर सायलेन्सरची नोंद होत नाही. 'माझ्याकडे रीतसर परवाना आहे, मग सायलेन्सर का नको?' या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की तो परवाना त्या शस्त्राचा आहे, या शस्त्राचा नाही.

शिक्षा किती?

2019 मध्ये शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली आणि शिक्षा बऱ्याच वाढल्या. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास पूर्वी एक ते तीन वर्षे कैद होती. आता ती किमान दोन व कमाल पाच वर्षे आहे. निषिद्ध शस्त्रासंबंधीचे कलम लागले, तर किमान सात आणि कमाल चौदा वर्षे. विनापरवाना निर्मिती, विक्री वा बाहेरून देशात आणणे यासाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे.

यातील 'निर्मिती' हा शब्द हिंगणा व बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींतील छोट्या कारखानदारांनी विशेष लक्षात ठेवावा. लेथवर जॉब करून देणाऱ्याकडे कोणी एखाद्या नळकांड्याचे रेखाचित्र घेऊन येतो, 'एअरगनचा भाग आहे' किंवा 'गाडीची इंधन गाळणी आहे' असे सांगतो आणि रोख पैसे देतो. वस्तू बनवणाऱ्याने ती कशासाठी आहे हे जाणून बनवली, तर तो शस्त्रनिर्मितीच्या आरोपाच्या कक्षेत येतो. पिस्तुलाच्या नळीला बाहेरून आटे पाडून देणे, हेही शस्त्रात फेरफार करणेच आहे आणि त्यासाठी परवाना लागतो. परदेशी संकेतस्थळांवर 'क्लीनिंग किट' किंवा 'फ्युएल फिल्टर' अशा नावांखाली विकल्या जाणाऱ्या काही वस्तू प्रत्यक्षात अर्धवट तयार सायलेन्सरच असतात. स्वस्त मिळते म्हणून ती मागवणारा ग्राहक आयातीच्या कलमात सापडू शकतो. पार्सलवर छापलेले नाव त्याला वाचवत नाही.

एअरगन बाळगणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. 4.5 मिलिमीटर म्हणजे .177 बोअरची आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेली एअरगन परवान्याशिवाय घेता येते. शहरात नेमबाजी शिकणारी बहुतेक मुले याच प्रकारावर हात बसवतात. मात्र अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाबरोबरच 'अन्य प्रकारच्या ऊर्जे'चाही उल्लेख आहे. त्यामुळे एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून तिचा आवाज दाबणारे नळकांडेही मोकळे आहे, असे गृहीत धरणे धोक्याचे. ते काढून पिस्तुलावर बसवता येते का, याची तपासणी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होईल आणि तोपर्यंत ते बाळगणारा न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहील.

'फुस्स' आवाजाची गोष्ट

सायलेन्सरचा जन्म मात्र गुन्हेगारीतून झालेला नाही. मशीनगनचा शोध लावणारे हिरम मॅक्सिम आयुष्यभर तोफा-बंदुकांच्या सान्निध्यात राहिल्याने बहिरे झाले होते. त्यांचा मुलगा हिरम पर्सी मॅक्सिम याला 1909 मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. मोटारीच्या इंजिनाचा आवाज कमी करणाऱ्या नळीवरही त्याने काम केले. म्हणजे वर्धा मार्गावरील दुचाकीची नळी आणि चित्रपटातील नळकांडे ही नात्याने भावंडे आहेत. दोन्हींचे तत्त्व एकच. दाबाखालील गरम वायू एकदम बाहेर सुटला, की धडाका होतो. तोच वायू अनेक कप्प्यांतून फिरवून, निववून, सावकाश सोडला तर आवाज घटतो.

घटतो, नाहीसा होत नाही. येथेच चित्रपट प्रेक्षकाला फसवतो. पिस्तुलाच्या तोंडाशी आवाजाची कमाल पातळी साधारणतः 150 ते 165 डेसिबल असते. उत्तम सायलेन्सर त्यातून 20 ते 35 डेसिबल कमी करतो. उरतात 125 ते 135 डेसिबल. याची कल्पना यावी म्हणून दिवाळीचे उदाहरण घेता येईल. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर 125 डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांवर आपल्या पर्यावरणविषयक नियमांनी बंदी घातली आहे. मोजण्याच्या पद्धती आणि अंतरे वेगळी असली, तरी सायलेन्सर लावलेले पिस्तूलही कायद्याच्या मर्यादेत फुटणाऱ्या एखाद्या सुतळी बॉम्बच्या पंक्तीतच बसते, असे म्हणायला हरकत नाही. शेजारच्या खोलीतला माणूस दचकून उठेल.

शिवाय सायलेन्सर एकाच आवाजावर काम करतो. गोळी झाडताना नळीच्या तोंडाशी सुटणाऱ्या वायूचा धडाका, ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेत उठणारा कडकडाट, पिस्तुलाची वरची सरकपट्टी मागे-पुढे आदळण्याचा खडखडाट आणि गोळी लक्ष्यावर आपटल्याचा आवाज, असे चार आवाज होतात. पहिला सोडून बाकी तिन्ही तसेच राहतात. दुसऱ्याबाबत नागपूरच्या हवामानाची एक गंमत आहे. ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. 10 अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे 337 मीटर आणि 45 अंशांना सुमारे 358 मीटर असतो. 9 मिलिमीटरची काही काडतुसे गोळीला सुमारे 350 मीटरचा वेग देतात. म्हणजे जानेवारीच्या पहाटे कडकडाट करणारी तीच गोळी मे महिन्यातील दुपारी ध्वनीच्या वेगाखाली राहू शकते, अर्थात उन्हात तापलेले काडतूस स्वतःच अधिक वेग देऊन हा हिशेब पुन्हा बिघडवू शकते. .45 बोअरची गोळी जड व संथ असते, त्यामुळे तिच्याबाबत हा प्रश्न सहसा येत नाही.

भारतीय परवानाधारकासाठी आणखी एक बाब निर्णायक ठरते. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या हाती शस्त्रांत रिव्हॉल्व्हरचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .32 रिव्हॉल्व्हर अनेक घरांत असते. 2014 च्या जानेवारीत महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेले सुमारे अर्धा किलो वजनाचे 'निर्भीक'ही रिव्हॉल्व्हरच. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांची फिरती चकरी आणि नळी यांच्यात बारीक फट असते व गोळी सुटताना त्या फटीतूनही वायू धडाक्याने बाहेर पडतो. नळीच्या टोकाला कितीही महागडे नळकांडे बसवले, तरी हा आवाज त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. रशियाच्या 1895 च्या नागां रिव्हॉल्व्हरमध्ये चकरी पुढे सरकून ही फट बुजते, म्हणून ते अपवाद मानले जाते. थोडक्यात, चित्रपटात रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर दिसला, तर दिग्दर्शकाने विचारपूस केलेली नाही असे समजावे.

मग दर्जा म्हणजे काय?

ज्यांना हे साधन कायदेशीररीत्या वापरता येते, म्हणजे लष्कराची व पोलिसांची विशेष दले, त्यांच्यासाठी मात्र निवडीचा प्रश्न खरा आहे. तेथे खरेदी निविदांनी होते आणि डेसिबलचा एकच आकडा पाहून ती करणे चुकीचे ठरते. हा आकडा कोणत्या शस्त्रावर, कोणत्या काडतुसाने, नळीच्या तोंडापासून किती अंतरावर मोजला, हे कळल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना होत नाही. सायलेन्सरच्या आत हवा भरलेली असल्याने पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा मोठा आवाज करते. जाहिरातीत सरासरी देताना ही पहिली गोळी वगळली का, हे जाणकार खरेदीदार आधी विचारतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सरळपणा. सायलेन्सरचा मध्य आणि नळीचा मध्य एका रेषेत नसला, तर गोळी आतल्या पडद्यांना घासते किंवा त्यांवर आदळते. यात नुसते साधन वाया जात नाही, झाडणाऱ्याच्या हातालाही इजा होऊ शकते. पिस्तुलाच्या बाबतीत हे अधिक नाजूक असते. बहुतेक आधुनिक पिस्तुलांची नळी प्रत्येक गोळीबरोबर थोडी मागे सरकून खाली झुकते; तिच्या टोकाला पाव किलोचे ओझे टांगले, तर पिस्तूल पुढचे काडतूस नीट भरत नाही. त्यासाठी सायलेन्सरच्या मागील भागात स्प्रिंगची वेगळी यंत्रणा असते आणि ती पिस्तुलाच्या जातीला जुळणारी हवी. म्हणून रायफलचा उत्तम सायलेन्सर पिस्तुलावर निरुपयोगी ठरू शकतो.

धातूचा विचार त्यानंतर येतो. ॲल्युमिनियम हलके, पण उष्णतेला लवकर हार मानणारे. पोलाद टिकाऊ, पण जड. टायटॅनियम दोहोंच्या मधले आणि महाग. नळकांड्यात अडलेल्या वायूचा काही भाग उलटा फिरून झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो, पिस्तुलात काजळी साठते, नेम किंचित सरकतो आणि वाढलेल्या लांबीमुळे शस्त्र म्यानातून काढायला वेळ लागतो. आवाज कमी करण्याची ही किंमत प्रत्येक वापरकर्त्याला मोजावी लागते.

नागपूरला शस्त्रनिर्मितीचा वारसा असला, तरी तो वेगळ्या जातीचा आहे. अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना तोफगोळ्यांच्या कवचांसारखी कामे करतो. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळाची विभागणी होऊन स्थापन झालेल्या यंत्र इंडिया कंपनीचे मुख्यालय येथेच आहे. हाती शस्त्रे बनवणारे कानपूर, ईशापूर आदी ठिकाणचे कारखाने दुसऱ्या कंपनीकडे गेले.

परदेशातील आप्तांचा सल्ला

नागपुरातील किती तरी घरांतील मुले-मुली अमेरिकेत आहेत आणि 'तिकडे तर दुकानात मिळतो' हा सल्ला बहुधा तेथूनच येतो. तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यातही सायलेन्सरची गणना अग्निशस्त्रातच होते. 1934 च्या कायद्याने त्यावर 200 डॉलरचा कर बसवला होता. 1 जानेवारी 2026 पासून तो शून्यावर आला, परंतु नोंदणी आणि सरकारी मंजुरी कायम आहे. मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगण्यास बंदीच आहे. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना काही अपवाद वगळता अग्निशस्त्रच ठेवता येत नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड येथे शिकाऱ्यांच्या कानांच्या रक्षणासाठी सायलेन्सरचा वापर सर्रास होतो, हे खरे आहे. पण तेथील रानातली सोय येथील विमानतळावर गुन्हा ठरते. तो अमेरिकेतून बाहेर नेण्यासाठी तेथील सरकारची निर्यात परवानगी लागते आणि भारतात आणण्यासाठी येथील. 'भेटवस्तू' म्हणून सामानात टाकलेले नळकांडे दोन देशांचे कायदे एका वेळी मोडते.

पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा यांनी वेढलेल्या विदर्भात तर या साधनाकडे अधिकच संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. बंदुकीचा बार हा रानात वनरक्षकाला मिळणारा पहिला इशारा असतो.

कानांसाठी कायदेशीर उपाय

नेमबाजी करणारा किंवा परवान्याच्या शस्त्राचा सराव करणारा माणूस आवाजाबद्दल काळजी करतो, तेव्हा त्याची काळजी रास्त असते. 140 डेसिबलच्या पुढचा एकच धडाका कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशींना कायमची इजा करू शकतो आणि या पेशी पुन्हा उगवत नाहीत. ऐकू कमी येण्याआधी अनेकदा कानात शिट्टी वाजत राहते. बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून परतणारा आवाज हा धोका वाढवतो. लहान मुलांसाठी ही मर्यादा 120 डेसिबलच मानली जाते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे. अशा बारासाठी 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे, तो वेगळाच.

निवड करायची ती येथे आहे आणि तिला कोणाचा परवाना लागत नाही. फोमचे बोळे काही रुपयांत मिळतात. ते बारीक वळून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढून, आत खोल बसवले तरच वेष्टनावर छापलेले संरक्षण मिळते. अर्धवट खोचलेला बोळा निम्मेही काम करत नाही. हेडफोनसारखी दिसणारी कानटोपणे घेताना वेष्टनावरील आवाजघटीचा आकडा पाहावा. साधारणतः तो 20 ते 30 डेसिबलच्या दरम्यान असतो आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतो असे धरून चालावे. चष्म्याची जाड दांडी किंवा केसांची बट गादीखाली अडकली, की फट पडते आणि आवाज तेथून आत शिरतो. बंदिस्त जागेत बोळे व कानटोपणे दोन्ही वापरावीत. दोहोंची बेरीज होत नाही, चांगल्या साधनाच्या आकड्यावर आणखी सुमारे पाच डेसिबलचीच भर पडते, पण त्या पाचांचे मोल मोठे असते. इलेक्ट्रॉनिक कानटोपणे महाग असली, तरी बोलण्याचा आवाज आत येऊ देतात आणि धडाका रोखतात, त्यामुळे प्रशिक्षकाची 'थांबा' ही सूचना ऐकू येते. शिकाऊ नेमबाजासाठी हा खर्च सार्थकी लागणारा आहे.

नियमित सराव सुरू करण्यापूर्वी एकदा श्रवणचाचणी करून घेऊन तिचा आलेख जपून ठेवावा. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. चाचणीच्या आधी किमान 14 तास मोठ्या आवाजापासून दूर राहावे, नाही तर कानाला आलेला तात्पुरता बधिरपणाच आलेखावर उमटतो.